अहो, हलू नका

आमच्या खोलीत माणूस आला की आधी त्याच्या अंगावरचं लोखंड निघतं आणि मग त्याचा तोरा. घड्याळ, पट्टा, चष्मा, कवळी, केसांतल्या पिना, सगळं माझ्या ट्रेमध्ये. बावीस वर्षं मी हेच करतेय. मोठमोठे साहेब मागून नाडी बांधायचा झगा घालून माझ्यापुढे उभे राहतात आणि हळूच विचारतात, "मावशी, गाठ सुटणार नाही ना?" मी म्हणते, सुटली तर सुटली, आत ताईला तुमचं आतडंसुद्धा दिसणार आहे, झग्याचं काय घेऊन बसलात!

ताई म्हणजे आमच्या एमआरआयची दुपारच्या पाळीची टेक्निशियन. ही गोष्ट तिची आहे. ती स्वतः कुणाला सांगायची नाही, आणि माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून मी सांगतेय.

खोली हॉस्पिटलच्या तळघरात. पलीकडे ते चुंबकाचं अवजड मशीन, मधे जाड काच, अलीकडे ताई, तिचे दोन पडदे आणि एक माइक. पेशंटला बोगद्यात सरकवलं की त्याच्या हातात मी रबरी फुगा देते. घाबरलात तर दाबा, बाहेर काढू. मशीन पाच-सहा मिनिटं ठोकाठोकी करतं, मग जरा थांबतं, पुन्हा सुरू होतं. त्या मधल्या शांततेत ताईचा आवाज जातो: "छान. आता आणखी सहा मिनिटं. हलू नका." दिवसातून चाळीसदा तरी. कँटीनमध्ये तिचं नावच 'हलू नका' पडलंय. एकदा दाढ काढायला गेली आणि तो दातांचा डॉक्टर तिला म्हणाला, "हलू नका." इतकी हसली बया, की दाढ दुसऱ्या दिवशी काढावी लागली.

वय सेहेचाळीस. बाप लवकर गेला, पाठचे दोन भाऊ हिने शिकवले, भाऊ आपापल्या बायकांना घेऊन लांब गेले, आईचं अंथरुणातलं सहा वर्षं हिने काढलं. स्थळं आली नाहीत असं नाही. एक तर जवळजवळ ठरलं होतं. पण मुलाच्या आईने विचारलं, "त्या किरणांनी मूल होत नाही म्हणे?" ताईने समजावलं की आमच्या मशीनमध्ये किरणं नसतात, नुसतं चुंबक असतं. ती बाई म्हणाली, "अगंबाई, चुंबक! ते तर आणखी वाईट." झालं, मोडलं. ताई हे हसत हसत सांगते. पण दोनदा सांगून झालं की तिसऱ्यांदा सांगताना गप्प होते, हेही मी पाहिलंय.

कामात मात्र तिचा हात धरणारा कुणी नाही. गुदाशयाचा कॅन्सर असला, म्हणजे शौचाच्या वाटेच्या अगदी शेवटच्या भागाचा, तर वरचे सर्जन विचारून घेतात, दुपारची पाळी आहे ना? कारण तिथे आतडं वळतं. फोटोचे काप घ्यायचे ते आतड्याला बरोबर आडवे घ्यावे लागतात. मला ताईने काकडीवर दाखवलं होतं. काकडी तिरकी कापली की चकती लांबुडकी होते, साल जाड दिसतं. तसंच आतड्याचं. काप तिरका गेला तर गाठ भिंतीबाहेर पडली की नाही ते चुकीचं कळतं, आणि त्यावर तर सगळं ठरतं. आधी किरणं आणि औषधं द्यायची की सरळ ऑपरेशन, आणि ऑपरेशन केलं तर वाट राहते की शौचासाठी पोटावर जन्माची पिशवी येते. मिलिमीटरचा मामला.

आता किल्लीवाले.

पाठीमागच्या रस्त्याला, जिन्याखाली, त्यांचं दुकान. दुकान कसलं, माणूस आणि किल्ल्या एवढंच मावतं. वय एक्कावन्न, बायको जाऊन सात वर्षं, एक मुलगी, लग्न होऊन परगावी. आठ महिने रक्त पडत होतं आणि हे मूळव्याध मूळव्याध म्हणत बसले. पुरुषांचं हे एक असतं. कुलूप बिघडलं तर तासात दुरुस्त करतील, स्वतःचं काही बिघडलं तर दुकान बंद.

पहिल्यांदा आले तेव्हा मी आधी त्यांना डोळ्यांच्या एक्स-रेला पाठवलं. किल्ल्या घासणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कीस अडकलेला असू शकतो, आणि तो आमच्या चुंबकाने ओढला की डोळा गेलाच. कीस नव्हता. खिशांतून मात्र एकोणीस किल्ल्या निघाल्या.

"यातली तुमच्या घराची कुठली?" मी विचारलं.

"ती घरी विसरलोय," ते म्हणाले.

तर, ताईची एक पद्धत आहे. माइकवर ती प्रत्येकाला नात्याने हाक मारते. आजी, काका, दादा, बाळा. ती म्हणते, बोगद्यात एकटं पडलेल्याला नातं लागतं, नाव लागत नाही. त्या दिवशी तिने माइकचं बटण दाबलं आणि तशीच थांबली. काका म्हणावं तर माणूस जवळजवळ बरोबरीचा. दादा म्हणायला जीभ वळेना. आणि मग म्हणाली, "अहो, हलू नका."

मी झग्यांच्या घड्या घालत होते. माझे हात थांबले.

"कुणाला हाक मारलीत हो?"

"पेशंटला."

"पेशंटला की पतिदेवांना?"

"मावशी, चादर बदला जाऊन." पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, ते काही चादरीखाली झाकता आलं नाही.

आणि गंमत अशी, की तिला सगळं हॉस्पिटल ताई म्हणतं. वरच्या मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत. हा एकटा माणूस कधी म्हणाला नाही. बाहेर आला, चष्मा लावला, काचेकडे बघून म्हणाला, "आवाज होता म्हणून निभावलं." पुढे ना ताई, ना मॅडम. मी मनात म्हटलं, असं आहे तर.

त्यांची गाठ अगदी खाली होती, दाराशी. किरणं आणि औषधं झाली की ऑपरेशन, आणि पिशवी कायमची, असं सर्जननी सांगून टाकलं होतं. किल्लीवाले म्हणाले, करा. पण सगळे उपचार संपल्यावर पुन्हा फोटो काढला, तर जिथे राखाडी गाठ होती तिथे नुसती काळी रेघ. आमच्या या फोटोंमध्ये काळं ते चांगलं, बरं का. काळं म्हणजे व्रण, भरून आलेली जागा. राखाडी दिसलं की धस्स व्हायचं. डॉक्टरांनी बोटाने तपासलं, दुर्बीण घालून पाहिलं, काही नाही. मग ठरलं की ऑपरेशन तूर्त करायचं नाही. थांबायचं आणि बघत राहायचं. दर तीन महिन्यांनी तपासणी, फोटो. राखाडी परत दिसलं तर मात्र सुटका नाही, ऑपरेशन आणि पिशवी.

"म्हणजे कुलूप न फोडता आत डोकावत राहायचं," किल्लीवाले म्हणाले. "आमचाच धंदा."

दोन वर्षं ते येत राहिले. ताईच्या टेबलावर कॅलेंडर होतं, त्यावर तिने कधी खूण केली नाही, पण तारीख मला तिच्या कपड्यांच्या इस्त्रीवरून कळायची. आतडं शांत ठेवायचं इंजेक्शन दिलं की ते लागू व्हायला थोडा वेळ थांबावं लागतं. एरवी ताई तेवढ्यात कागद भरते. ते आले की कागद माझ्याकडे. काय बोलायचे? काही नाही हो. कुलपं. तिची आई. लोक किल्ली हरवतात आणि कुलपाला शिव्या देतात, यावर दोघं एकदा इतका वेळ बोलले की मला खाकरावं लागलं.

तिला त्यांची ओढ लागली होती. त्यात लपवायचं काय? सेहेचाळीस वर्षं सगळ्यांची ताई होऊन राहिलेल्या बाईला एक माणूस ताई म्हणत नाही, एवढंही पुरतं. पण आमच्या खोलीतली ओढ म्हणजे उलटा न्याय. माणूस जसजसा बरा, तसतशा तारखा लांब. दोन वर्षं स्वच्छ गेली की तीन महिन्यांचे सहा होणार, पाच वर्षं गेली की बंदच. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "मावशी, आपल्याकडे चांगलं झालेलं माणूस परत येत नाही. ते आलं नाही म्हणजे आपण खूश व्हायचं." आणि कप विसळायला उठली.

मग दोन वर्षं पूर्ण होतानाचा तो फोटो.

मी पुढच्या पेशंटची चादर घेऊन तिच्या मागे उभी होते. मशीन शेवटच्या फेरीत होतं. पडद्यावर काप उमटले आणि नेमक्या त्या जागी फिस्कटलेले. इंजेक्शनचा असर उतरला असेल, आतडं जरा हललं असेल, होतं असं. काळ्या रेघेच्या बाजूला राखाडी धूर धरल्यासारखा. अशा वेळी ताई काय करते ते मला पाठ आहे. माइक घेते, म्हणते, "जरा एकदा परत," आणि तेवढीच फेरी पुन्हा काढते. सहा मिनिटांचं काम. तिचा हात बटणाकडे गेला. थांबला. मागे आला. "झालं," ती माइकवर म्हणाली. "अहो, झालं. येतोय आम्ही."

मला वाटलं, तिला कळलं असेल, मला काय कळतंय. पण चार दिवसांनी फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांचा रिपोर्ट आला. त्या जागी संशय आहे, खात्री देता येत नाही, सहा आठवड्यांनी फोटो परत काढा. आणि मला सगळं लख्ख दिसलं. नीट फोटो गेला असता तर कार्डावर सहा महिने पडले असते. आता पडले सहा आठवडे.

तिला तोंडावर काही बोलले नाही. आधी मी किल्लीवाल्यांकडे गेले. कपाटाची दुसरी किल्ली करायचं निमित्त केलं. त्यांच्या पुढ्यात खोका होता आणि ते एकेका किल्लीला चिठ्ठी बांधत होते, कुणाची, कुठल्या दाराची. लोक करायला देतात आणि न्यायला विसरतात, तशा.

"मुलीला बोलावलंय," ते म्हणाले. "तिला कळायला हवं ना, कुणाचं काय ते. या वेळी पिशवी नक्कीच, मावशी. परत आलं म्हणजे पसरलंही असेल. झोप नाही येत. या स्टुलावर पिशवी लावून बसता येतं का हो दिवसभर?"

"बसतात लोक. सायकली चालवतात," मी म्हटलं. खरंच चालवतात. पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

मग त्यांनी मशीनवर माझी किल्ली लावली, घासली, फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "या वेळी स्वच्छ निघालं असतं ना, तर मी त्यांना एक विचारणार होतो. तुमच्या त्यांना. दोन वर्षं ठरवून ठेवलं होतं, दोन वर्षं स्वच्छ गेली की विचारायचं. आधी विचारून कुणाला कशाला अडकवा. आता राहू दे."

मी किल्ली घेतली आणि तिथून जी निघाले ती तरातरा तळघरात. पेशंट नव्हता. दार लावलं. बावीस वर्षांत मी तिला अहो-जाहो सोडून बोलले नव्हते.

"काय केलंस तू हे? हात मागे घेतलास ना? पाहिलंय मी. तो माणूस तिकडे निरवानिरव करतोय! चिठ्ठ्या बांधतोय किल्ल्यांना! आणि ऐक, तो तुला विचारणार होता. या तारखेला. फोटो स्वच्छ निघाला की विचारणार होता, मूर्ख पोरी!"

ती खुर्चीतूनच म्हणाली, "सहा महिने, मावशी. मला वाटलं, सहा महिने मी काय करू. मी ठरवून नाही केलं. हातच आला नाही."

"हात आला नाही म्हणे."

मग ती रडली. मी कितीही तोंडाची फटकळ असले तरी रडणाऱ्या माणसाला बोलायला मला जमत नाही. तिचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हटलं, हे बघ, झालं ते झालं. सहा आठवड्यांनी फोटो स्वच्छ येणार, तो विचारणार, तू हो म्हणायचं. आणि हे कुणाला सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोटो हलतात, कुणाला काय कळतंय. मीही काही पाहिलेलं नाही. ती नुसती मान हलवत होती. हो म्हणतेय की नाही, ते कळेना.

सहा आठवड्यांनी ते आले. चार किलो तरी उतरले होते. खिशात एकही किल्ली नाही. झग्याची नाडी मीच बांधून दिली आणि म्हटलं, काही निघणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना असंच म्हणता, मावशी." खरंय, म्हणते.

पहिल्या तीन फेऱ्या झाल्या. ताईने काप इतके नेमके लावले होते की मलासुद्धा दिसावं. काळी रेघ. सुबक, बारीक, बाजूला काही नाही. मी हुश्श केलं. आता शेवटची सहा मिनिटांची फेरी राहिली होती, तीही डॉक्टरांना हवीच असते. मशीन थांबलं. ताईने माइक ओढला.

"अहो," ती म्हणाली. "हलू नका. ऐका. काळंच आहे. काही नाही तिथे. मागच्या वेळीही नव्हतं. फोटो हलला होता, मला दिसलं होतं, तेव्हाच परत काढायला हवा होता. मी मुद्दाम काढला नाही. तुम्हाला लवकर परत यावं लागेल म्हणून. तुमचे सहा आठवडे मी खाल्ले."

मी कपाळावर हात मारला. अगं, बोगद्यात बांधल्यासारख्या पडलेल्या माणसाला कबुली देतात का? त्याला उठता येत नाही, बोलता येत नाही! पण मला कळत होतं. समोरासमोर तिची हिंमत झाली नसती. आणि गप्प राहिली असती तर सगळं तिचंच होतं, अर्ध्या तासावर आलं होतं. ते तिला तसं नको होतं.

कॅमेऱ्यात त्यांचा हात दिसत होता, त्यात तो रबरी फुगा. मी त्या हाताकडे बघत राहिले. आता दाबतील, आता दाबतील. दाबला असता तर थांबवून बाहेर काढावं लागलं असतं, आणि कुणी त्यांना दोष दिला नसता.

नाही दाबला. "सुरू करते," ताई म्हणाली, आणि मशीन ठोकायला लागलं. सहा मिनिटं तो माणूस हलला नाही. इतका स्वच्छ फोटो त्यांचा कधी आला नव्हता.

मी त्यांना बाहेर काढलं, चष्मा दिला. ते टेबलावर उठून बसले, पाय खाली सोडले. ताई दारात येऊन उभी होती. मी आपली चादर ओढत होते, ओढलेलीच चादर.

"मुलगी माझी रात्रंदिवस रडली," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग उठले, झगा सावरला, आणि तिच्या बाजूने जाताना म्हणाले, "येतो, ताई."

एवढंच. तिने दाराची चौकट धरली. पुढचा पेशंट आला, तिने माइक घेतला, "आजी, हलू नका," म्हणाली आणि दिवस पुरा केला. वरच्या डॉक्टरांकडेही ती स्वतः गेली आणि लिहून देऊन आली. त्यांनी बरंच ऐकवलं, पण कामावरून काढलं नाही.

सहा महिन्यांनंतरची तारीख किल्लीवाल्यांनी सकाळची मागून घेतली. ताईला ते काउंटरवरून कळलं. त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात ती घड्याळ न बघता सकाळवाल्या टेक्निशियनशेजारी बसली. त्यांचे जुने सगळे फोटो काढले, आतडं कुठे वळतं ते दाखवलं, काप त्याच्याकडून लावून घेतले. "अजून जरा. अजून. हं, आता बरोबर. परत करून दाखव." त्याच्याकडून चारदा करून घेतलं. तो वैतागला, म्हणाला, "ताई, कोण लागतात हे तुमचे?" ती म्हणाली, "पेशंट आहेत."

त्या दिवशी मी पाळी बदलून सकाळी आले. किल्लीवाले अंगाने भरले होते. ट्रेमध्ये किल्ल्या टाकल्या, सतरा, मला म्हणाले, "कशा आहात, मावशी?" मी म्हटलं, मजेत. फोटो झाला. त्यांनी कपडे घातले, कार्ड घेतलं, गेले.

दुपारी ताई आली. पर्स खांद्यावरच.

"काळीच आहे ना?"

"काळीच. बाजूला ठिपकासुद्धा नाही."

ती खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. "चांगलं झालं," म्हणाली. "चांगलं झालं हो, मावशी." मग पडदे सुरू केले, खुर्ची पुढे ओढली, आणि माझ्याकडे पाठ ठेवून विचारलं, "काही विचारलं का त्यांनी?"

मला खोटं बोलता आलं असतं. रोज दहा जणांना बोलते.

"नाही," मी म्हटलं.

ती मान डोलावत राहिली. "पुढची तारीख?"

"सहा महिन्यांनी. सकाळचीच."

"बरं." तिने माइक जवळ घेतला, पुसला. "त्या दिवशीही तुम्ही सकाळची पाळी घ्याल ना?"

घेईन म्हटलं, दुसरं काय म्हणणार.